उचललेला धवळा

"पण लग्नाचा धवळा उचलला कोणी? तूच ना?"

नवऱ्याने, सुयोगने, हे तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदाही कृतिका गप्प राहिली, कारण उत्तर 'हो' असंच होतं. मधे टीपॉयवर तिच्या परीक्षेचं टाइमटेबल पडलं होतं आणि त्याच्या शेजारी लग्नपत्रिकांचा गठ्ठा. दोन्हींवर एकच तारीख होती, एकवीस एप्रिल. पत्रिकेत लाल अक्षरात छापलं होतं, हळदीचा घाणा सकाळी अकरा वाजून एकवीस मिनिटांनी. टाइमटेबलात काळ्या अक्षरात होतं, पेपर सकाळी अकरा ते दोन.

सासरे बाळाराम खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. चारशे पत्रिका छापून झाल्यात, त्यातल्या दीडशे वाटूनही झाल्यात, आता काय घरोघर जाऊन परत मागायच्या का, असं त्यांचं म्हणणं. सुयोगचं म्हणणं, पेपर पुढच्या वर्षी दे, तो काय पळून जातोय. कृतिका तेव्हा बोलली.

"परीक्षा म्हणजे बाबांचा पाण्याचा टँकर नाही, आज नाही आला तर उद्या येईल म्हणायला."

बाळारामना ते लागलं. त्यांचा टँकर भाईंदरच्या सोसायट्यांना रोज वेळेवर जातो, असा त्यांचा समज होता. सोसायट्यांचा नव्हता.

सासू शेवंती भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत होती. लग्न तिच्या धाकट्या मुलीचं, आशाचं. पण शेवंती मघापासून एक शब्द बोलली नव्हती. कृतिकाला सगळ्यात जास्त धाक त्या सुपाचा वाटत होता.

कृतिका घोडबंदरची. लग्न होऊन भाईंदरजवळच्या राई गावात आली तेव्हा बी.ए.चं दुसरं वर्ष नुकतंच झालेलं आणि विषय इंग्रजी साहित्य. त्यानंतर इशिता झाली, शेत विकलं, घरावर स्लॅब टाकला, सुयोगला भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझरची जागा लागली, आणि तिसरं वर्ष राहून गेलं. इशिता बालवाडीत गेली तशी कृतिकाही त्याच शाळेत गेली, टीचर म्हणून. सीनियर के.जी.च्या छत्तीस मुलांना ती इंग्रजी कविता हातवारे करून शिकवायची आणि मुलं घरी जाऊन आयांना ते हातवारे करून दाखवायची. बाई म्हणून ती चांगलीच होती. पण शाळेच्या मोठ्या बाईंनी एक दिवस बोलावून सांगितलं, की तीन वर्षांनी, जूनपासून, वर्गावर फक्त पदवीधर शिक्षिका राहतील, बाकीच्यांना मदतनीस म्हणून ठेवू. मदतनीस म्हणजे त्याच वर्गात, त्याच मुलांची नाकं पुसायची आणि बुटांच्या नाड्या बांधायच्या, आणि शिकवणारी दुसरी.

तिने बाहेरून तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला. सगळे पेपर सुटले, एक सोडून. तो पेपर साहित्यातल्या संज्ञांचा. कुठल्या अलंकाराला काय म्हणतात, त्याची व्याख्या द्या, उदाहरण द्या, असे दहा. पहिल्यांदा एकोणतीस मार्क पडले, दुसऱ्यांदा तेहेतीस. पासिंग पस्तीसला. आणि आता नोटीस लागली होती, की जुन्या अभ्यासक्रमाचा हा शेवटचा एप्रिल. यापुढे नापास झालेल्यांनी सगळे पेपर नव्याने द्यावेत.

गाइड तिने भाईंदर स्टेशनसमोरून घेतलं होतं. पाठांतरात ती कुठेच कमी नव्हती. भाकऱ्या थापताना मेटाफर, कपडे वाळत घालताना मेटॉनिमी, आणि सिनेक्डकी हा शब्द तर ती इतके दिवस 'सिनेकडोच' म्हणत होती, की बरोबर उच्चार कळल्यावर तिला कुणीतरी नवीनच पाहुणा घरात आल्यासारखं झालं. पण गाइडातली उदाहरणं बर्फाची, गुलाबाची, राजाच्या मुकुटाची आणि शिडाच्या जहाजांची. बर्फ तिने लिंबू सरबतातच पाहिला होता. राईच्या होड्यांना शिडं राहिली नव्हती, त्या इंजिनावर चालत. व्याख्या डोक्यात राहायची, उदाहरण सुटून जायचं आणि पेपरात भलत्याच व्याख्येला जाऊन चिकटायचं.

शनिवारी ती पराग सरांच्या क्लासला जायची. सर तिच्याहून सहा-सात वर्षांनी लहान, पण सगळ्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी तिचा सरावाचा पेपर पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही लग्नं सगळी वेळेवर लावताय. फक्त नवऱ्या बदलताय."

सरांना हे ठाऊक नव्हतं, की लग्नं लावणं हा कृतिकाच्या घरचाच उद्योग होता.

शेवंती धवळारीण. आगरी लग्नात भटजी येवो न येवो, धवळारीण यावीच लागते. मांडव घालायचा तर तिने गायचं, हळकुंडं कांडायची म्हणजे घाणा भरायचा तर तिने गायचं, नवरीला न्हाऊ घालायचं तर तिने गायचं. ती गाणी म्हणजे धवळे. कुठल्याही वहीत ती लिहिलेली नव्हती. शेवंतीला ती सासूकडून मिळाली होती, आणि सासूला तिच्या सासूकडून. धवळा एकटीने गायचा नसतो. एकीने ओळ उचलायची, दुसरीने झेलायची. बावीस वर्षं शेवंतीची ओळ समोरच्या घरातल्या रुक्मिणीमावशीने झेलली. मग मावशीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला गाण्यापुरता आवाज राहिला नव्हता, बोलण्यापुरता होता, आणि तो ती पुरेपूर वापरायची.

झेलायला कुणी उरलं नाही म्हणून शेवंतीने सुनेला घेतलं. आशाने साफ नकार दिला होता, ती कामाला होती त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना कळलं तर काय म्हणतील म्हणून. कृतिकालाही सुरुवातीला लाजच वाटली. दुपारपर्यंत शाळेत टाय लावलेली मुलं 'गुड आफ्टरनून टीचर' म्हणायची आणि संध्याकाळी ती शेजारच्या मुर्धा गावच्या मांडवात सासूशेजारी पाटावर बसून, कपाळाला हळद लावून, ओळी झेलायची. दोन सीझन झाले तशी लाज गेली. ओळी आल्या.

जानेवारीत मुर्ध्याला एक लग्न होतं. आवतणाचा धवळा चालला होता. त्यात धवळारीण लग्नाला एकेकाला बोलावते, माणसांना नाही, बाकी सगळ्यांना. शेवंतीने ओळ उचलली, "खारी गो बाय, येशील का? भरतीच्या पायानं येशील का?" खारी म्हणजे खाडी, गावामागची, जिच्या पाण्यावर पूर्वी मिठागरं भरायची. कृतिकाने ती ओळ झेलायची होती. ती झेललीच नाही. ती तोंड उघडं टाकून बसून राहिली, कारण तिच्या डोक्यात गाइडाचं बारावं पान फडफडत होतं. जे समोर नाही किंवा ज्याला बोलता येत नाही त्याला हाक मारणं. अपॉस्ट्रॉफी. दोन वर्षं जे उदाहरण तिच्या हातून सुटत होतं ते इथे पाटावर बसून तिच्याच तोंडून प्रत्येक लग्नात गायलं जात होतं.

शेवंतीने कोपर मारलं तेव्हा ती भानावर आली.

परत येताना रिक्षात शेवंतीने तिला चांगलंच फैलावर घेतलं. बावीस वर्षांत रुक्मिणीने एकही ओळ खाली पडू दिली नव्हती, ताप असताना नाही, सासरा गेला त्या आठवड्यात नाही. कृतिकाने कारण सांगितलं. इंग्रजीत अशा हाका मारण्याला वेगळं नाव आहे, ते मला पेपरला येतं.

शेवंतीने विचार केला. "इंग्रजांना पन आवतन धारावं लागतं?"

"लागतं."

"मंग बरं हाय," शेवंती म्हणाली, जसं काही इंग्रजांबद्दलची एक जुनी शंका फिटली.

त्यानंतर कृतिकाने वही केली. एका बाजूला गाइडातला शब्द, दुसऱ्या बाजूला धवळ्यातली ओळ आणि खाली तिचं इंग्रजी. खाडीच्या ओळीपुढे तिने अपॉस्ट्रॉफी लिहिलं आणि पर्सोनिफिकेशनही लिहिलं, कारण पुढे त्याच खाडीला पाट देतात, बांगड्या भरतात, म्हणजे ती बाईच झाली. शेवंती तेव्हा जवळा साफ करत होती. कृतिकाने तिला वाचून दाखवलं. शेवंतीने मान हलवली.

"दोन येगली कामं हायेत ती. हाक मारतांव तवा ती बाय नसते. खारीच असते. ती येते, मंग तिला पाट देतांव, मंग ती बाय होते. आदी हाक, मंग सोंग. दोनी येकदम केलीस तं ती येनार न्हाय."

कृतिकाने दोन वेगळ्या ओळी केल्या. मागच्या पेपरात नेमके याच जागेचे तीन मार्क गेले होते.

मग तिने दुसरी अडचण काढली. घाण्याच्या धवळ्यात 'पाच हात आले' म्हणतात, म्हणजे पाच सवाष्णी आल्या. आणि वऱ्हाड येताना 'नांगर दारी आला' म्हणतात, म्हणजे नवऱ्याकडचे आले. दोन्हीकडे एकाच्या ऐवजी दुसरंच नाव. गाइडात यांना दोन वेगळे शब्द होते, मेटॉनिमी आणि सिनेक्डकी, आणि कुठला कुठला ते पराग सरांनी फळ्यावर बाण काढून समजावलं होतं. बाणांनी उलट जास्तच गुंता झाला होता.

शेवंतीला हा काही प्रश्नच वाटला नाही. "हात बायला चिकटलेला हाय," ती म्हणाली. "नांगर कुनाला चिकटलाय? तो धरायचा असतो. शेत विकलं का तोही गेला."

दोन वर्षांचं गाइड एका वाक्यात मिटलं. कृतिकाने वहीत लिहिलं, हात हा बाईचाच भाग, म्हणून सिनेक्डकी, नांगर ही नुसती जोडीची वस्तू, म्हणून मेटॉनिमी. ती अडचण तिला परत आली नाही.

एक अडचण मात्र होती. शेवंतीच्या सासूचा नियम होता आणि तो राईत सगळ्यांना माहीत होता, की मांडव नसलेल्या घरात धवळा गायचा नाही. बोलायचं असेल तर धवळ्याविषयी बोला, ओळ सांगा, पण सूर लावायचा नाही. लावला, तर त्या घरात लग्न उभं राहिलंय असं समजतात. शेवंती हा नियम भात शिजवायच्या नियमासारखा पाळायची, त्यात चर्चा नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. कृतिका क्लायमॅक्सला अडली होती. लहानापासून मोठ्यापर्यंत चढत जाणं, अशी व्याख्या, आणि आवतणाचा धवळा तसाच चढतो. आधी केरसुणीला बोलावतात, मग चुलीला, मग विहिरीला, खाडीला, गेलेल्या वाडवडिलांना आणि शेवटी गावदेवीला. पण विहिरीच्या आधी उंबर येतो की नंतर, हे तिला आठवेना. ओळी तोंडाने म्हणून पाहिल्या, आठवेना. सुरावाचून त्या येतच नव्हत्या. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात सूर लावला.

पण धवळा हळू गाता येत नाही. तो गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचावा म्हणूनच बनलेला असतो. केरसुणी आली, चूल आली, उंबर आला, विहीर आली, आणि विहिरीपर्यंत येताना कृतिकाचा आवाज आपोआप चढला. उंबर आधी, हे तिने वहीत खुशीत लिहून घेतलं.

समोरच्या घरात रुक्मिणीमावशी पलंगावर पडली होती. ती उठून बसली.

संध्याकाळी चार बायका नारळ घेऊन आल्या. आशाचं जमलं म्हणे. कुठं दिलीत? शेवंती बाजारातून भाजी घेऊन येत होती, तिने नारळ पाहिले, बायका पाहिल्या, सुनेचा चेहरा पाहिला आणि तिला सगळं कळलं. तिने बायकांना चहा दिला. अजून बोलणी चाललीत एवढंच सांगितलं. ते खरं होतं. काशीगावच्या उत्तमशी आशाची बोलणी दिवाळीपासून चालली होती. मुलगा-मुलगी दोघं तयार होते, पण उत्तमचे मोठे काका प्रत्येक बैठकीत चहा पिऊन 'बघू' म्हणायचे आणि उठायचे. बघण्यासारखं काय राहिलं होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

राईत सूर लागला ही बातमी तिसऱ्या दिवशी काशीगावात पोचली. तिथे ती अशी पोचली, की आशाला दुसऱ्या घरी दिली. आठव्या दिवशी उत्तमचे काका स्वतः साखर घेऊन आले आणि बसायच्या आधी तारीख सुचवू लागले. बाळारामनी आनंदाच्या भरात तीच तारीख धरली जी काकांनी सांगितली, भाईंदरच्या गुरुजींकडून वेळा काढून आणल्या आणि चौथ्या दिवशी पत्रिका छापायला टाकल्या. आशा तर इतकी खूश झाली, की तिने वहिनीला सलग तीन दिवस मटका कुल्फी आणली.

शेवंती तीन दिवस सुनेशी बोलली नाही. चौथ्या दिवशी चुलीसमोर बसून एवढंच म्हणाली, "उचललास, तं आता तुलाच पुरा करावा लागंल."

कृतिकाने ती धमकी समजूनच मनात ठेवली. मार्चच्या शेवटी टाइमटेबल आलं.

आणि आता टीपॉयवर ते पडलं होतं.

आशाने सुचवलं, की घाण्यापुरतं रुक्मिणीमावशीला बसवू. मावशी अर्थातच तिथे होती, भांडण सुरू झाल्यापासून दारातच उभी होती. तिने आपल्या घासलेल्या आवाजात सांगितलं, की तिला गाता आलं असतं तरी तिने गायलं नसतं. या घरचा धवळा जिने उचलला तिनेच घाण्याला झेलायचा, हा शेवंतीच्या सासूचाच नियम. मधेच दुसरी बसली तर सूर तुटतो, आणि तुटक्या सुरावर हळद लावायची नसते.

सुयोगला आयताच आधार मिळाला. "बघ. मी नाही म्हणत, नियमच आहे. तुलाच बसायला पाहिजे."

"मला ते मान्य आहे," कृतिका म्हणाली. "मी उचलला, मी झेलीन. पण अकराला मी मिरा रोडला पेपरला बसलेली असणार. या वेळी नाही बसले तर सगळे पेपर पहिल्यापासून. आणि जूनला मी आपल्याच इशिताच्या शाळेत मदतनीस म्हणून डबे उचलत उभी असेन, तेव्हा तिला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

सुयोगने पत्रिकेकडे बोट दाखवलं. बाळाराम म्हणाले, मुहूर्त मुहूर्त असतो. सुपातल्या तांदळाचा आवाज थांबला.

शेवंतीने सूप बाजूला ठेवलं.

"हाक आनि सोंग," तिने सुनेला विचारलं. "फरक सांग."

कृतिका गोंधळली. पण उत्तर तिला झोपेतही आलं असतं. "हाक मारताना ती खाडीच असते. आल्यावर पाट दिला की बाई होते."

"हात आनि नांगर?"

"हात चिकटलेला. नांगर धरायचा."

"आनि पयला कोन, उंबर का इहीर?"

"उंबर."

"त्याच्यापायीच तं अवरं झालं," शेवंती म्हणाली. "हे समदं पेपरान लिवनार?"

"इंग्रजीत लिहीन."

"नाव सांगशील कुनाचं म्हनून?"

"नाव लिहायचं नसतं आई पेपरात. माझंही नसतं. नुसता नंबर असतो."

शेवंतीला ते फारसं आवडलं नाही असं दिसलं, पण तिने ते सोडून दिलं. ती नवऱ्याकडे वळली.

"मुहूर्त कुनी काढला?"

"गुरुजींनी."

"घाना गुरुजी गातान?"

बाळारामनी पाय खुर्चीवरून खाली घेतले. नाही, म्हणाले.

"पत्रिका छापाच्या आदी मना इचारलं व्हतं कुनी?"

याचंही उत्तर नाही असंच होतं. वीस-पंचवीस वर्षं गावभर घाण्याच्या वेळा शेवंतीला विचारून ठरत होत्या, आणि तिच्या स्वतःच्या घरची वेळ तिला लाल अक्षरात छापून कळली होती. लग्नाच्या गोष्टींत ती महिनाभर गप्प का होती, हे आता सगळ्यांना एकदम कळलं, कृतिकालाही. त्या गप्पपणातला थोडाच भाग सुनेसाठी होता.

"पेपर सुटतो कवा?"

"दोनला," कृतिका म्हणाली. "रिक्षा मिळाली तर पावणेतीनपर्यंत घरी."

शेवंती उठली, सूप काखेत घेतलं आणि आत जाता जाता सांगितलं, जसं रोज संध्याकाळी कोणती भाजी आहे ते सांगायची तसंच.

"घाना साडेतीनला हाय. अकराला जो येल त्याला चा द्या आनि बसवा. आनि त्या दिशी टँकर सोसायट्यांकडं जानार न्हाय, सकाली सूनबायला मिरा रोडला सोरल आनि दोनला घेऊन येल."